दोन-तृतीयांश

ॲडम्सटाउनला आमच्या शेजारी राहणारा हा माणूस विद्यापीठात अमेरिकेतल्या राज्यांच्या बजेटवर संशोधन करतो. तिथल्या काही राज्यांत खर्चाची मर्यादा ओलांडायची तर सभागृहात साधं बहुमत पुरत नाही, दोन-तृतीयांश मतं लागतात, हे तो कुणालाही पकडून सांगतो. सांगताना भुवया उडवतो आणि शेवटी "बरोबर ना?" विचारून खरंच उत्तराची वाट बघतो. मला ते असह्य होतं.

हा नियम त्याने घरातही आणलाय. महिन्याच्या ठरलेल्या खर्चाबाहेर काही घ्यायचं तर तिघांपैकी दोन हात वर हवेत. परवा मी चहाला गेलो असताना त्याने नव्या कॉफी मशीनचा ठराव मांडला. हात एकट्या त्याचाच वर.

"नो वे, बाबा," लेक म्हणाली, "द ओल्ड वन्स ग्रँड." इथल्या आयरिश बोलीत म्हणजे, जुनंच झकास आहे.

त्याची बायको हसत सुटली. आणि हा पठ्ठ्या हरून असा खुलला, की मला चहा गोड लागेना.

घरी येऊन मी विचारलं, "आपण तसलं मशीन घेऊ या का?"

मुलाने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. बायको म्हणाली, "तू ठरवलंयस ना? मग विचारतोस कशाला?"

मशीन आलं. कॉफी मी एकटाच पितो.