झाडाखालचे माठ

यांगूनमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी, झाडाखाली एका फळीवर दोन माठ ठेवलेले असतात. कुणीही यावं आणि पाणी पिऊन जावं. समोरच्या घरातली आजी रोज सकाळी ते घासून भरते.

मी इथे पाली शिकायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात तिने भरलेला ग्लास दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला होता. परक्या शहरात पोट बिघडायची धास्ती, म्हणून मी मान हलवली आणि पिशवीतली बाटली दाखवली. पाणी चांगलं आहे हे पटावं म्हणून तिने स्वतः दोन घोट घेतले. मी पुन्हा बाटलीच दाखवली.

रविवारी फोनवर बाबांना ही गंमत सांगितली. ते हसले नाहीत.

"तुह्या आज्याले गावात वरून ओंजळीत पाणी ओतत होते," ते म्हणाले. "भांड्याले हात लावू देत नव्हते."

मला ते माहीत नव्हतं थोडंच? त्याच पाण्यापायी आमचं घर बुद्धाकडे आलं. त्याचीच वचनं पाठ करायला मी एवढा समुद्र ओलांडला, आणि गल्लीच्या तोंडाशीच नापास झालो.

आज तिच्यादेखत मी माठातून ग्लास भरून घेतला. आजी लगबगीने आली, तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि माझ्या बाटलीकडे बोट दाखवलं. मला तिचं पाणी चालत नाही, हे तिने मायेने लक्षात ठेवलं होतं.