पंगतीत न बसणारे आप्पा

आप्पा अंगानं थोराड, पोट पुढं आलेलं. शेताच्या भांडणात जिवे मारायची धमकी आली, तेव्हा त्यांनी परवाना काढून रिव्हॉल्व्हर घेतलं. लांब नळी बसताना मांडीत रुतते, म्हणून आखूड नळीचं. पोटाशी ते मावेना, तेव्हा उजव्या कुशीला, जरा मागं खोचलं. मी वडगावातला शिंपी. वरचा शर्ट मीच सैल शिवला.

"दिसतंय काय रं?" आरशाकडं पाठ करून त्यांनी विचारलं.

दिसत नव्हतं. पण मांडी घातली की बरगडीत टोचायचं. म्हणून लग्नाकार्यात आप्पा पंगतीला बसत नसत, भाताची बुट्टी घेऊन वाढत फिरत. लोकांना वाटायचं, किती सेवाभावी माणूस.

निवडणूक लागली आणि नियमाप्रमाणे रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा झालं. त्याच दिवसांत माझ्या पुतणीचं लग्न होतं. आप्पा पहिल्याच पंगतीला ऐसपैस मांडी घालून बसले आणि परत परत भात मागू लागले.

"आज लई भूक लागलीया, आप्पा," मी म्हटलं.

"भूक रोजचीच हाय रं," ते म्हणाले. पण नजर सारखी दाराकडं जात होती.

मी बुट्टी उचलली आणि त्यांचं जेवण होईस्तोवर दाराच्या बाजूनंच वाढत राहिलो.