पायथ्याची रेघ

ओळंबाकाकूंनी आयुष्यात कधी ओळंबा वापरला नाही. भिंत सरळ चालली आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला लोखंडी गोळा बांधून लटकवतात, तो ओळंबा. तो काकूंच्या डोळ्यातच लटकलाय असं गावाचं म्हणणं, म्हणून हे नाव. गंमत अशी की काकूंनी घातलेला एकही बांध सरळ नव्हता. सगळे आत कललेले, डोंगराला पाठ टेकून बसलेले. सरळ उभ्या बांधाला ओली माती ढकलून देते, कललेला बांध मातीला अडवून धरतो. एवढं साधं गणित, पण ते अंगात मुरेपर्यंत काकूंच्या वडिलांनी त्यांच्याकडून एकच बांध तीनदा पाडून तीनदा घालून घेतला होता. तेव्हा काकू बारा वर्षांच्या होत्या आणि वडिलांवर इतक्या चिडल्या होत्या, की आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुढे मात्र कोणी बांधाचं कौतुक केलं की पहिलं नाव वडिलांचं घ्यायच्या.

गाव उभ्या डोंगरावर. शेतं एकाखाली एक अशी उतरत गेलेली, छत्तीस. तिथे शेताला पायरीच म्हणत. प्रत्येक पायरीच्या पुढच्या कडेला दगडी बांध, माती धरून ठेवायला. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड आणि फटीत ठोकलेल्या चिपा. बांध वरच्या शेतवाल्याचा, कारण माती त्याची. ढासळला तर त्यानेच उभा करायचा. त्यासाठी खालच्याच्या शेतात उभं राहावं लागे, आणि खालचा राहू देई. त्या बदल्यात बांधावरचं गवत खालच्याचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहून ठेवावं लागेल इतके वाईट दिवस गावावर आलेच नव्हते.

काकू या गावात लग्न होऊन आल्या त्या एकोणिसाव्या वर्षी. नवरा खेचरं हाकायचा. पुलापर्यंत बस येई, आणि पुलापासून गावापर्यंत सगळं खेचराच्या नाहीतर माणसाच्या पाठीवर. मीठ, खत, पत्रे, एकदा तर शाळेचं कपाटसुद्धा. माणूस सोन्यासारखा, पण दगडातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. वाटण्या झाल्या तेव्हा सासऱ्यांनी धाकट्या मुलाला खालची सपाट पायरी दिली आणि थोरल्याला तिच्या वरची. वरचीचा बांध कधीच कोसळलेला, माती दर पावसात खाली चाललेली. म्हणजे नाव शेताचं आणि रूप घसरगुंडीचं. नवरा तोंड पाडून घरी आला. काकूंनी जाऊन शेत पाहिलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि म्हणाल्या, "बरं झालं. चांगला बांध असता तर मला तो दुसऱ्याचा म्हणून सांभाळावा लागला असता."

सहा हिवाळे लागले. ओढ्यातले दगड नवऱ्याच्या खेचरांनी वर आणले आणि काकूंनी रचले. अडीच पुरुष उंच, अडतीस पावलं लांब. दर चार हातांवर एक लांब दगड, त्याचं तोंड बाहेर आणि शेपूट आत मातीत खोल. चौथ्या हिवाळ्यात मुलगी झाली, तेव्हा काय ते दोन महिने काम थांबलं. बांध पुरा झाला आणि तिसऱ्या वर्षी नवरा तापाने गेला. त्यानंतर काकूंनी गावभरचे बांध घालून मुलीला वाढवलं, शिकवलं, खाली शहरात पाठवलं. ती आता तिथे शिवणकामाच्या दुकानात होती. काकूंची कंबर धरायची, उजव्या हाताचं एक नख कायमचं काळं पडलं होतं, पण गावात कोणाकडे पाहुणा आला की त्याला आधी चहा मिळे आणि मग काकूंचा बांध दाखवायला नेत. काकूंना ते आवडे. आवडत नाही असं दाखवण्याची तसदीही त्या घेत नसत.

मग मोजणीची माणसं आली. सरकारला डोंगरातल्या सगळ्या जमिनींचा नवा नकाशा करायचा होता. तिवईवर यंत्र ठेवून मोजणीदार समोरच्या उतारावर उभा राहिला आणि त्याच्या मदतनिसाने प्रत्येकाच्या हातात एकेक लाल झेंडा दिला. "आपापल्या हद्दीवर उभे राहा."

आता हद्द म्हणजे बांधाचा पायथा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण दिवस होते सातू उगवण्याचे. पायथ्याशी उभं राहायचं तर खालच्याच्या शेतात शिरायचं, आणि बोटभर वर आलेल्या सातूत पाय घालायचा? त्या गावात भांडणातसुद्धा कोणी असं करत नसे. तेव्हा छत्तीसच्या छत्तीस शेतवाले झेंडा घेऊन आपापल्या बांधाच्या माथ्यावर उभे राहिले, शहाण्यासारखे. कोणी कोणाला विचारलं नाही. काकूही उभ्या राहिल्या. यंत्राने जे दिसलं ते टिपलं आणि माणसं निघून गेली.

नकाशा पाच महिन्यांनी आला, सातू पिवळा पडत असताना. शाळेच्या भिंतीवर लावला. लोकांनी आपापलं शेत शोधलं, बोट ठेवलं, खूश झाले. फक्त काकू नाक नकाशाला लावून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"काय शोधताय?" शाळेच्या बाईंनी विचारलं.

"माझा बांध."

बांध खालच्या शेतात गेला होता. रेघ माथ्यावरून ओढलेली, म्हणजे अडीच पुरुष उंचीचा आख्खा बांध त्यांच्या दिराच्या नावावर.

एरवी काकू हसून सोडून देत्या. पण दिराने त्याच वर्षी शेत नांगरायचं छोटं यंत्र घ्यायचं ठरवलं होतं, आणि ते आत न्यायला त्याला वाट हवी होती. नकाशा लागल्याच्या तिसऱ्या दिवशी तो पहार घेऊन बांधापाशी उभा दिसला.

"वहिनी, पायथ्याचे चार फूट काढतो म्हणतो. तेवढ्यात माझं यंत्र जाईल."

"भावजी, पायथा काढलात तर माझं शेत तुमच्या अंगणात येईल."

"सगळा कुठे काढतोय? आणि कागदावर तर तो आता माझाच आहे." तो नजर चुकवत म्हणाला. "झेंडा तुम्हीच धरला होता वर."

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्यांनी आवाज चढवला नाही. हरकत घ्यायला दहा दिवस उरले होते. तोवर पहार लावायची नाही एवढं त्यांनी दिराकडून कबूल करून घेतलं आणि घरी जाऊन चांगला कोट काढला.

पुलापर्यंतची वाट उतरताना अडीच तासांची, पाठीवर ओझं असेल तर साडेतीन. काकूंच्या पाठीवर ओझं नव्हतं, तरी त्यांना साडेतीन लागले. वाटेवरचा प्रत्येक बांध त्या थांबून बघत होत्या. निम्मे त्यांचेच होते. पुढे बसने त्या शहरात मुलीकडे पोचल्या. तिने रात्री अर्ज लिहून दिला आणि म्हणाली, "आई, तिथे मोठ्याने बोलू नकोस."

"मी कुठे मोठ्याने बोलते?" काकू इतक्या मोठ्याने म्हणाल्या की शेजारच्या खोलीतलं माणूस खोकललं.

मोजणी कार्यालयात लांब टेबल, त्यावर नकाशांच्या गुंडाळ्या आणि खिडकीत एक मेलेली माशी. साहेब तरुण होते, चष्मेवाले, वागायला सभ्य. अर्ज दिल्यावर सुनावणी चार दिवसांनी लागली होती. दिरालाही बोलावणं गेलं, तो आदल्या दिवशीच्या बसने येऊन बाकावर बसला होता, टोपी मांडीवर घेऊन.

"बाई, नकाशावरची ही रेघच जमिनीवर दोन फूट भरते," साहेब समजावून सांगायला लागले. "एवढ्या तेवढ्याने काय फरक पडतो?"

"मग माझा बांध रेघेत बसवा की," काकू म्हणाल्या. "बांध तळाशी सहा हात जाड आहे साहेब. तुमची रेघ त्याच्या डोक्यावर टोपीसारखी ठेवलीय."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी कागदात लपवलं. "पण इथे स्पष्ट नोंद आहे. हद्द तुम्ही स्वतः दाखवली. झेंडा तुमच्याच हातात होता."

"होता."

"मग खाली का नाही उभ्या राहिलात?"

काकूंनी वळून दिराकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग होता, पण लाज कसली ती नव्हती. त्या ताठ उभ्या राहिल्या, बांधापुढे राहतात तशाच.

"खाली यांचा सातू होता. बोटभर आलेला. त्यात पाय कसा घालणार?"

साहेबांनी दिराला विचारलं, "खरं आहे?"

"सातू होता," दीर म्हणाला.

"आणि तुम्ही? तुमच्या खालच्या हद्दीला तुम्ही कुठे उभे होता?"

दिराने टोपी मांडीवरच गोल फिरवली. "माझ्या बांधावर. वर."

"का?"

"खाली दुसऱ्याचा सातू होता," तो पुटपुटला, आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की वहिनीचा बांध आपल्याला मिळाला तसा आपला बांध खालच्याला मिळालाय.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. गावात छत्तीस पायऱ्या आणि छत्तीस सभ्य माणसं, म्हणजे पस्तीस रेघा चुकलेल्या. "कापणी झाली की मी स्वतः येतो," ते म्हणाले. "पण फेरमोजणीला खालच्या शेतवाल्याची लेखी संमती लागते. ती नसेल तर आहे तो नकाशा कायम." त्यांनी कागद दिरापुढे सरकवला. दिराने तो घडी करून खिशात घातला. "बघू," म्हणाला.

बस एकच होती, त्यामुळे दोघं एकाच बसने परतले, पुढच्यामागच्या बाकांवर. पुलापासून चढही एकत्रच लागला. अर्धी वाट चढून झाली. मग दीर न राहवून म्हणाला, "माझं यंत्र मग काय डोक्यावरून नेऊ?"

"पूर्वेच्या टोकाला उतरण बांधली की झालं. बांधाला धक्का न लावता. पंधरा दिवसांचं काम."

"कोण बांधणार?"

काकू वाटेतच थांबल्या. "गावात दुसरं कोणी आहे का?"

"मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल."

"तुम्ही विचारलंच कुठे? पहार घेऊन आलात."

संमतीचा कागद दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या दाराच्या फटीत होता. खाली दिराची सही, शाईचा डाग पडलेली.

कापणी झाली, तोवर बाकीच्यांनीही आपापल्या सह्या दिल्या. साहेब चढून आले ते घामाघूम होऊन, आणि दर वळणावर "अजून किती?" विचारत. यावेळी सगळं गाव पायथ्याशी उतरलं, मोकळ्या शेतांत, सातूचे खुंट पायाखाली करकर मोडत. काकू झेंडा घेऊन दिराच्या शेतात शिरल्या आणि बांध मातीला मिळतो तिथे, अगदी दगडाला टाच लावून उभ्या राहिल्या. साहेबांनी शेतातच मांडलेल्या यंत्राला डोळा लावला.

"तिथे नाही," मागून दिराचा आवाज आला.

काकूंनी वळून पाहिलं. दीर कुदळ घेऊन येत होता. तो त्यांच्या पुढे आला, बांधापासून दीड हात लांब आपल्याच शेतात थांबला आणि त्याने कुदळ मारली. खण्ण आवाज आला. त्याने हाताने माती सारली. खाली सपाट, रुंद, काळे दगड होते, एकाला एक चिकटून बसवलेले.

काकूंना ते दगड ओळखायला वेळ लागला नाही. एवढ्या उंच बांधाला पाया बाहेर घ्यावाच लागतो. त्यांनी घेतला होता, आणि त्याबद्दल आजवर कोणाजवळ बोलल्या नव्हत्या. तेव्हा दीर शहरात कामाला होता, त्याला कळणार नाही असं त्यांनी धरून चाललं होतं. आता सगळ्या गावादेखत त्यांची मान पहिल्यांदाच खाली गेली.

"बांध इथवर आहे साहेब," दीर म्हणाला. "रेघ इथून ओढा."

"यात तुमची दीड हात जमीन जाते," साहेब म्हणाले. "अडतीस पावलं लांब."

"बांध यांचा आहे. ओढा."

"तुम्हाला कधी कळलं?" काकूंनी हळूच विचारलं. इतक्या हळू त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"पहिल्याच नांगरणीला. बावीस वर्षं नांगर इथे उचलून घेतोय. तीन फाळ मोडले."

"मग बोलला का नाहीत?"

दिराने बांधाकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत.

"तुम्ही मानी. बोललो असतो तर सगळा बांध उतरवून पाया आत घेतला असतात," तो म्हणाला. "आणि एवढा बांध पुन्हा झाला नसता, वहिनी. तुमच्याच्यानेसुद्धा."