लाखोळीचं पाणी कुणी बंद केलं

आज सकाळी आमची लाखोळी मेली.

'गेली', 'सोडून गेली' असलं काही मी लिहिणार नाही.

तिला लघवीचं इन्फेक्शन होतं. गोळ्या सुरू होत्या, ती बरी होत होती.
मग मंडईचे, म्हणजे आमच्या गावच्या दिवाळीनंतरच्या जत्रेचे, पाहुणे आले आणि घरच्यांनी तिचं पाणी बंद केलं.

ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लाखोळी म्हणजे आमचं गावठी कुत्र्याचं पिल्लू. दुधाचे दातही पडले नव्हते अजून. रंग लाखोळीच्या डाळीसारखा पिवळसर, म्हणून आईनेच हे नाव ठेवलं. सौंदडजवळच्या आमच्या घरात ती आली तेव्हा सगळ्यांची लाडकी होती. घरभर मुतायला लागेपर्यंत.

पिल्लू आहे, मुतणारच. पण हिचं वेगळं होतं.
एकदा बसून मोकळी व्हायची नाही. बसायची, दोन थेंब, उठायची, जरा पुढे जाऊन पुन्हा बसायची. बसल्या बसल्या कण्हायची. सारखी तिथेच चाटायची. झोपेतसुद्धा पोतं ओलं व्हायचं, आणि वास असा की नाकाला झोंबावा.

आमचे काका शेजारीच राहतात. रोज चहाला येतात. त्यांचं निदान तयार होतं.
"वळण नाही लावलं तुमी तिले. नाक घासा त्याच्यात आन् दोन फोक द्या. आपोआप समजते."

फोक त्यांनी स्वतःच दिले. मी भांडले तर म्हणाले, "कुत्र्यासाठी काकाले बोलून राहिली का तू?"

एक दिवस फरशीवरचा थेंब गुलाबी दिसला. मी तिला पिशवीत घालून गोंदियाला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि सकाळचं सॅम्पल मागितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर ती पुढे आणि मी स्टीलचं झाकण घेऊन मागे, अशी आमची वरात अंगणभर फिरली. आई पदर तोंडाला लावून हसत होती.
"लोकाइच्या पोरी लेकरं सांभाळतेत, माही पोरगी कुत्रं मुतवून राहिली."

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "ये शरारत नहीं है, तकलीफ है. बच्ची रोक ही नहीं पाती, मारना मत."
गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायचा, बरं वाटलं तरी मध्येच सोडायचा नाही. झोपून उठली, खाल्लं, खेळली की लगेच बाहेर न्यायचं. लघवी अडली किंवा उलटी झाली तर थांबायचं नाही, तडक आणायचं.
"और पानी कभी बंद मत करना. जितना पिएगी, उतना साफ होगा."

हे सगळं मी आईला सांगितलं. आईने नीट ऐकलं. भाताच्या गोळ्यात लपवून गोळ्या तीच द्यायची. थेंब कमी झाले. एका सकाळी लाखोळीने अंगणात चांगलं मोठं डबकं केलं, आणि मी पेढे वाटायचीच बाकी राहिले होते.

मग मंडई आली. आमच्याकडे दिवाळीला येत नाहीत इतके पाहुणे मंडईला येतात. लेकी-जावई, सोयरे, रात्रीच्या नाटकाला आलेले सोयऱ्यांचे सोयरे. अंगण सारवलेलं, ओसरीत नव्या सतरंज्या.
आणि नेमकं माझं ऑफिसचं ट्रेनिंग लागलं. मी गोंदियाला मैत्रिणीकडे राहिले.

फोनवर विचारलं, "आई, लाखोळी पाणी पिते का?"
"हाव, पिते. तू तुह्यं काम कर."

परत आले तेव्हा ती मागे बैलांच्या कोठ्यात बांधलेली होती. नाक कोरडं, डोळे आत गेलेले, पुढ्यात पिवळी उलटी. पाण्याची वाटीच नव्हती.

मी आईला विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका म्हणे, पाणीच नोको देऊ, मंग मुतन कायले? पाहुण्याइसमोर लाज वाटते ना, पोरी. मंडई होऊन जाऊ दे म्हटलं, मंग देतो."
पाहुण्यांच्या गडबडीत गोळ्याही राहिल्या होत्या.

सतरंज्या मात्र कोरड्या राहिल्या. जावईबापूंनी घराची तारीफ केली म्हणे.

तशीच उचलून तिला गोंदियाला नेलं. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. पण मग तिला घरी घेऊन जा म्हणाले, तेव्हाच मला कळलं.

आई सकाळपासून रडते आहे. मी तिच्याशी बोललेले नाही. तिचा जीव होता लाखोळीवर, हे मला माहीत आहे. पण पाहुण्यांसमोरची लाज त्याहून मोठी निघाली, हेही आता माहीत झालं.

आणि काका, तुम्ही तिचा फोटो स्टेटसला ठेवलाय, रडकी इमोजी लावून. म्हणून हे इथे, सगळ्यांसमोर लिहिते.

आज सकाळी ती पोत्यावरून उठली. मागचे पाय चालत नव्हते. पुढच्या पायांवर ओढत ओढत दाराकडे निघाली. मी उचलायला गेले तोवर उंबरठ्यापर्यंत पोचली होती. तिथेच थोडंसं झालं.
तिने कान पाडले, डोळे मिटले आणि अंग चोरलं. फोक पडेल म्हणून.

मी तिला जवळ घेतलं. ते डोळे नंतर उघडलेच नाहीत.

वळण लागलं होतं काका तिला.

जा लाखोळी. आता जिथे वाटेल तिथे बस, कुणी उठवणार नाही.