मेढीजवळच्या कुंदाबाई

चोपड्याच्या प्राथमिक शाळेतल्या कुंदाबाईंनी सतरा वर्षं स्नेहसंमेलनाचा पडदा ओढला. नाच बसवायचे दुसऱ्यांनी, टाळ्या घ्यायच्या दुसऱ्यांनी, आणि दोरीला बाई. कारण उघड होतं. बाई अंगानं भरभक्कम होत्या आणि गावानं त्यांना ते कधी विसरू दिलं नव्हतं. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती: कुणी हसायच्या आत आपणच आपल्यावर विनोद करायचा. टांग्यात बसताना घोड्याची माफी मागायची, वगैरे. लोक पोट धरधरून हसत. घरी आल्यावर बाई मात्र तासभर कुणाशी बोलत नसत.

एकोणसत्तरच्या दिवाळीच्या सुटीत दोन जिल्ह्यांतल्या शिक्षकांचं दहा दिवसांचं लोकनृत्य शिबिर साक्रीजवळ निघालं. शाळेतल्या तरण्या शिक्षिकांपैकी एकीचं बाळंतपण निघालं, एकीची सासू, एकीची कंबर. उरल्या कुंदाबाई. शिबिरप्रमुख तोताराम सर बहुधा झोपतानाही गळ्यातली शिट्टी काढत नसावेत. त्यांनी बाईंना आपादमस्तक पाहिलं. मी स्वयंपाकघर बघते, असं सांगून बाईंनीच त्यांची सुटका केली.

नाच शिकवायला डोंगरातल्या पाड्यावरचे पुनाआबा आले होते. नाच साखळीचा. एकमेकांच्या कमरेमागून हात गुंफायचे आणि ढोलावर गोल फिरायचं. आतलं टोक जागच्या जागी पावलं टाकतं, बाहेरचं धावतं. आतल्या टोकाला सरांनी धुळ्याचे मदनलाल गुरुजी दिले, कारण ते दिसायला बरे होते. तीन दिवस साखळी रोज तुटली. चौथ्या दिवशी गुरुजी थेट कडब्याच्या गंजीत जाऊन पडले, तेव्हा आबांनी ढोल थांबवला आणि स्वयंपाकघर गाठलं.

बाईंच्या हातात पळी होती आणि विनोदही तयार होता. मी नाचले तर धरणीमाय मला साक्रीसकट पोटात घेईल, त्या म्हणाल्या. आबा हसले नाहीत.

"बाई, खळामा मेढीजोडे हलका बैल कोनी जुपस का?" त्यांनी विचारलं. "तठे भारीच लागस. तो हालस नही, म्हनीसन बठ्ठा फिरतस. चाल."

मेढीला, म्हणजे मळणीच्या खांबाला लागून सगळ्यांत दणकट बैल जुंपतात, तो जागचा हलत नाही म्हणून बाकीचे सगळे फिरतात, हे शेतकऱ्याच्या लेकीला कुणी सांगायला नको होतं. पण बाईंच्या वजनाचा काही उपयोग असतो, हे आजवर कुणी बोललं नव्हतं. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पळी ठेवली.

साखळीच्या आतल्या टोकाला आता कुंदाबाई, त्यांच्या शेजारी देवपूरच्या बेबाबाई. त्यांचा हात कुंदाबाईंच्या कमरेला काही पुरेना. आता त्या हसणार, म्हणून कुंदाबाई वाट बघत राहिल्या. बेबाबाईंनी त्यांचा पदरच मुठीत गच्च धरला आणि तुम्हीही सोडू नका म्हणून बजावलं. ढोल वाजला. साखळी तुटली नाही. तिकडे वरण करपलं, पण सगळ्यांनी ते तसंच ओरपलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी स्वयंपाकाच्या पाळ्या लावून घेतल्या.

शेवटच्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब येणार होते, फोटो निघणार होता. फोटोत सगळे एकसारखे दिसले पाहिजेत, असं सरांचं म्हणणं पडलं. कुंदाबाईंनी आपला पडदा सांभाळावा, त्यांना सवय आहेच. बाईंच्या जिभेवर विनोद आला. तो सांगितला असता तर सगळं गोडीगुलाबीनं मिटलं असतं आणि पुढची सतरा वर्षंही दोरीपाशी गेली असती. त्यांनी साखळीकडे पाहिलं. कुणाचीच मान खाली नव्हती. पुनाआबांनी गळ्यातला ढोल काढून जमिनीवर ठेवला होता.

"सर, मी नाचणार आहे," कुंदाबाई म्हणाल्या. "पडदा तुम्ही ओढा."

सरांनी शिट्टी तोंडात घातली, पण फुंकली नाही. ढोलाशिवाय साहेबांना काय दाखवणार?

संध्याकाळी पडदा अर्ध्यातच अडकला. साहेब ताटकळले, तोताराम सर दोरीला लोंबकळले. हात गुंफून उभ्या असलेल्या कुंदाबाईंना राहवेना.

"वरची दोरी नव्हे सर, खालची ओढा," त्यांनी आतून हाक दिली.

मंडप खो खो हसला. या खेपेला सरांना. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होत्या कुंदाबाई.