पाठीवरचा शंभरपावली

काओशुंग शहरातल्या एका विजेच्या भांड्यांच्या कारखान्यात सेलेपला कुणी सेलेप म्हणत नसे. सगळे राजकन्या म्हणत. सपाटीवरच्या लोकांना डोंगरातली कुठलीही बाई दिसली की ती राजकन्याच वाटते, आणि पुरुष दिसला की सरदार. यात प्रेम किती आणि चेष्टा किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता येणार नाही. खोक्यांवरची चित्रं काढणाऱ्या विभागात सेलेप कामाला लागली, त्या दिवशी मॅनेजर काओ सगळ्यांदेखत म्हणाले, "या, या, राजकन्या आल्या!" ती नवी होती, बावरलेली होती. ती हसली आणि तिथेच फसली. ज्या गोष्टीवर आज हसलो तिच्यावर उद्या रुसता येत नाही. मग भात शिजवायचे कुकर बदलले, पंखे बदलले, खोक्यांवरची चित्रं बदलली, नाव तेवढं चिकटून राहिलं.

खरं पाहता तिचं घर राजकन्येच्या पार दुसऱ्या टोकाला. आम्हा डोंगरातल्या पायवान लोकांत एक थोरलं घर आणि बाकीची घरं, हा भेद कागदावर नसला तरी अजून अंगात आहे. सेलेपचा आजा रानडुक्कर मारलं की मागची तंगडी आधी थोरल्या घरी पोचवायचा आणि मग आपल्या चुलीकडे बघायचा. आमच्यात नावं वाटलेली, दारावरचं कोरीवकाम वाटलेलं, कपड्यांवरची नक्षीसुद्धा वाटलेली. तो चावला की माणूस शंभर पावलंही जात नाही, म्हणून ज्याला शंभरपावली म्हणतात, तो साप थोरल्या घराचा. तो त्यांचा पूर्वज. बाकीच्यांनी तो अंगावर मिरवायचा नाही. सेलेपची आई, म्हणजे आमच्या भाषेत किना, भरतकामात गावात एक नंबर. जन्मभर तिने तो साप एकेका मण्याने थोरल्या घराच्या कपड्यांवर उठवला आणि स्वतः साधी काळी पोलकी घातली. हल्ली लग्नाला भाड्याचे कपडे आणून कुणीही साप घालून नाचतं. गाव त्यावर पाठीमागे बोलत बसतं. किना बोलत नसे, फक्त त्या लग्नात जेवत नसे.

आणि नेमकं त्याच सापाने सेलेपला गाठलं.

मुख्य कचेरीतून फर्मान निघालं. यंदा क्रीडादिनाला कारखान्यातल्या सगळ्यांनी एकसारखं जॅकेट घालायचं, आणि त्यावर इथे राबणाऱ्या सगळ्या जातीजमातींची नक्षी हवी. कुणाला वगळल्यासारखं वाटता कामा नये. हेतू वाईट नव्हता. अशा चांगल्या हेतूंपुढे तोंड उघडायची भलतीच पंचाईत होते.

"हक्का लोकांची फुलं बाह्यांवर," मॅनेजर काओ हवेत हात फिरवत म्हणाले, "व्हिएतनामचं कमळ खिशावर, फिलिपिन्सचा सूर्य छातीवर, आणि पाठीवर तुमचा साप! चांगला हा एवढा! मी एका हॉटेलात पाहिलाय, काय रुबाब!"

"पाठीवर राळ्याची कणसं काढली तर?" सेलेपने भीत भीत विचारलं. "आमच्याकडे राळ्याला फार मान आहे."

"राळे मैनेला घालतात हो! राजकन्या, घरचा साप सोडून धान्य काय दाखवताय?"

शेजारच्या टेबलावरची चुंग बाई हक्का होती. ती खुसखुसली. "आमचं बरंय बाई. ती फुलं कुठल्याशा गिरणीने चादरींवर छापली आणि आम्ही आमची म्हणून टाकली. परवानगी मागायची तर कुणाची? गिरणीची?"

साप माझा नाही, एवढंच सेलेपला म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पाठोपाठ दुसरं ओघाने आलं. मग राजकन्या कसली? मग इतकी वर्षं गप्प का होतीस? तेवढ्यात तिला एक पळवाट दिसली.

"गावात विचारावं लागेल," ती म्हणाली. "थोरल्या घराची परवानगी लागते."

"मग विचारा की! काय छान रीत आहे!" मॅनेजर खूश झाले.

थोरलं घर नाहीच म्हणणार, याची तिला खात्री होती. मग हात झटकून मोकळं होता येणार होतं. रविवारी ती सुपारी, तांदळाची दारू आणि पानात बांधून शिजवलेलं राळ्याचं चिनावू घेऊन पिंगतुंगच्या डोंगरातल्या आपल्या गावी गेली. थोरल्या घराची मालकी आता लावाउसकडे होती. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या. पण लावाउसची आई गेली आणि ती थोरली झाली, त्या दिवसापासून सेलेपने तिला 'तू' म्हटलेलं नाही. थोरली सध्या नाश्त्याची गाडी चालवते.

सेलेपने सगळं सांगितलं. लावाउस तव्यावरचं अंड्याचं धिरडं उलटत ऐकत होती.

"किती जॅकेटं म्हणालीस?"

"तीन हजार. नको ना? मलाही तेच वाटतं. तुम्ही नाही म्हणालात असं मी सांगते."

"अगं थांब, कशाला नाही म्हणू? माझ्या आईच्या वेळी ती आली की गाव उठून उभं राहायचं. मी आले की लोक ओरडतात, कांदा जास्त घाल. काढ तू साप. तीन हजार पाठींवर काढ. फक्त माइकवरून आमच्या घराचं नाव घ्यायला लाव, आणि मला पुढच्या रांगेत खुर्ची." तिने धिरडं कागदात गुंडाळून सेलेपच्या हातात दिलं. "घे, खा. तोंड का पडलं तुझं?"

सेलेपने ते धिरडं उभ्याउभ्या खाल्लं. पळवाट म्हणून जे दार उघडायला ती आली होती, ते बाहेरून बंद झालं होतं. त्यात आता थोरली खुद्द कारखान्यात येणार होती, जिथे सेलेपला सगळे राजकन्या म्हणतात.

किना अंगणात मणी ओवत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, दोऱ्याला गाठ मारली आणि दाताने दोरा तोडला.

"थोरलीने साप दिला तो कंपनीला," ती म्हणाली. "आपल्याला नाही दिला."

"सगळ्यांना घालावंच लागणार आहे, किना. मलासुद्धा."

"मग घाल. मला दाखवू नकोस."

सेलेप परत आली आणि कामाला बसली. लहानपणापासून आईच्या मांडीशी बसून पाहिलेला साप तिच्या हातातून आपोआप उतरत गेला. मुद्दाम वाईट काढायचा असं तिने ठरवलं होतं. हाताने ऐकलं नाही. तिने आजवर काढलेल्या सगळ्या चित्रांत हे चित्र उजवं निघालं, आणि ते काढताना आपल्याला आनंद होतोय हे कळल्यावर तिला स्वतःची शिसारी आली. मुख्य कचेरीने चित्र एका फटक्यात पसंत केलं.

क्रीडादिनाला मैदानावर गार वारा सुटला होता. जिकडे पाहावं तिकडे साप. पहारेकऱ्यांच्या पाठीवर साप, हिशेबनिसांच्या पाठीवर साप, दोरखेचीत चिखलात लोळणाऱ्या व्हिएतनामी पोरांच्या पाठीवर साप. लावाउस पुढच्या रांगेत, ठेवणीतला पोशाख आणि डोक्यावर गरुडाचं पीस लावून बसली होती. मॅनेजर काओंनी माइकवरून तिच्या घराचं नाव घेतलं. उच्चाराची वाट लावली, पण घेतलं. लावाउसने मान डोलावली. सेलेपला वाटलं, संपलं एकदाचं, सुटले.

"आणि आता आमच्या राजकन्येला एक आश्चर्याचा धक्का!" मॅनेजर गरजले. "आम्ही गाडी पाठवून डोंगरातून खास पाहुण्या आणल्यात. राजकन्येच्या मातोश्री, म्हणजे आपल्या राणीसाहेब!"

मंचाच्या मागून दोन मुलींनी किनाला हाताला धरून आणलं. साधं काळं पोलकं, पायात चर्चला जाताना घालायचे बूट. लावाउस टाळ्या वाजवत होती, तिचे हात मध्येच थांबले. तिने आधी म्हातारीकडे पाहिलं, मग सेलेपकडे. त्या नजरेत राग असता तर परवडला असता. थोरली नुसती बघत होती, पुढे काय होतंय ते.

मॅनेजरने दोन्ही हातांनी जॅकेट पुढे केलं. किनाने दोन्ही हातांनीच घेतलं, कारण दिलेली वस्तू नाकारणं तिला येत नव्हतं. तिने ते पालथं करून पाहिलं. सापाच्या अंगावरून एकदा अंगठा फिरवला. मग शांतपणे एक बाही आतून बाहेर काढली, दुसरी काढली, आणि करडं अस्तर वर करून जॅकेट अंगात घातलं. साप आत गेला. म्हातारी दोन्ही हात समोर धरून उभी राहिली. तिच्या परीने सगळ्यांचा मान राहिला होता.

मैदानावर हशा पिकला. "राणीसाहेबांनी तर उलटंच घातलं!" मॅनेजरही हसले आणि त्यांनी माइक सेलेपच्या तोंडाशी धरला. "हे काय हो, राजकन्या?"

तीन हजार माणसं ऐकत होती. खाली थोरली ऐकत होती. आम्ही त्या घरचे नव्हे, आम्ही तंगडी पोचवणारे, माझ्या आईला तो साप अंगावर घालता येत नाही, हे सगळं सेलेपच्या जिभेवर तयार होतं. इतकं तयार याआधी कधीच नव्हतं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"म्हातारी झालीय ती," सेलेप हसत म्हणाली. "तिला कळत नाही."

पुन्हा हशा, टाळ्या. किना शाळेत छड्या खाऊन चिनी शिकली होती. तिला प्रत्येक शब्द कळला. तिने जॅकेट काढलं, एकेक बाही पुन्हा सरळ केली, घातलं, गळ्यापर्यंत चेन ओढली आणि लोकांकडे पाठ करून मंचाच्या पायऱ्या उतरली. शंभरपावली तिच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत लख्ख दिसत होता. लावाउसने मान खाली घातली आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली.

किना तिच्या खुर्चीसमोर जाऊन थांबली.

"असू दे," लावाउस आमच्या भाषेत हलकेच म्हणाली. "गार वारा आहे."

किनाने जॅकेट काढलं, नीट घडी घालून थोरलीच्या मांडीवर ठेवलं, आणि पोलक्यावरच गाडीकडे निघाली.

सेलेप तिला पोचवायला गाडीत बसली. घाट सुरू झाला. शेवटी सेलेपलाच राहवलं नाही.

"उलटं घातलेलं बरोबर होतं, किना. मग सुलटं का केलंस?"

"तू एवढ्या लोकांत सांगितलंस ना, म्हातारीला कळत नाही म्हणून," किना म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तशीच उभी राहिले असते, तर तू खोटी पडली असतीस."

सेलेपने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने किना म्हणाली, "खिडकी लाव गं, थंडी वाजतेय." सेलेपने खिडकी लावली. तिच्या अंगात सापाचं जॅकेट होतं, पण ते काढून आईला देता येत नव्हतं.