खड्डा भरला का?

आमच्या वैशाली नगरच्या घरात वरच्या खोलीत गोंदियाची एक मुलगी भाड्याने राहायची. दिसेल त्यात बोट खुपसायची. कणीक, वांगी, सोफ्याची गादी. दाबायची, बोट काढायची आणि खड्डा परत भरतो का ते बघत बसायची. मी तिचं नाव खड्डेवाली ठेवलं.

ती इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करायची. कॉम्प्युटरवर ठिपक्यांचा ढीग. वरून एक गोळा उतरायचा आणि ठिपक्यांत रुतायचा. ठिपके म्हणजे लोखंडाचे कण, म्हणे. कोणता कण शेजारच्याला किती ढकलतो, याचा हिशेब कॉम्प्युटर करायचा. हिशेब बिघडला की सगळे ठिपके लाह्यांसारखे उडायचे. मी चौथी पास, पण नवरा जन्मभर स्टील प्लांटात, म्हणून लोखंडातलं मलाच कळतं असा माझा तोरा.

"कावून वो पोरी, खरं लोखंड दाबून नाही पाहत? प्लांट तं इथंच हाये."

"वो भी करते हैं, काकू. पण आत कोणता कण सरकला ते दिसत नाही ना. इथे दिसते."

"मले तं मुरमुरे दिसून राहिले."

ती हसायची. "गोळा उचलल्यावर परत आलं ते ठीक. नाही आलं, तर आत काहीतरी बिघडलं." हे तिचं नेहमीचं.

त्या वर्षी माझे पाय भरले. म्हातारपणी सुनेच्या हातचं अंगाला लागलं, असं मी शेजारणींना सांगितलं. मोठ्या मापाच्या चपला आणल्या आणि पायरीवर पाय पसरून मिरवत बसले. धाप लागायची, तीही लठ्ठपणाच्या नावावर घातली.

खड्डेवाली कॉलेजातून आली, वाकली आणि सवयीनं माझ्या नडगीवर अंगठा दाबला. काढला. खड्डा तसाच.

"काकू, हा भरून नाही राहिला."

"अवं, जाडी झाली मी."

"जाडी असती तर परत आलं असतं. दवाखान्यात चला. अभी."

"मी का तुयं कॉम्प्युटर आहो?"

"कॉम्प्युटर फिर से चालू होतो, काकू."

मी बडबडत ऑटोत बसले. डॉक्टर म्हणाला, हृदय थकलंय. अजून थांबला असतात तर कठीण होतं. अंगाला लागलेलं सगळं नुसतं पाणी निघालं. गोळ्यांनी ते आठवडाभरात मोरीत गेलं, आणि चपला सुनेला ढिल्या होतात म्हणून पडून आहेत.

खड्डेवाली नोकरी लागून हैदराबादला गेली. मी रडले नाही. सकाळी चहाआधी नडगीवर अंगठा दाबते. तिचा फोन येतो, नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"भरला?"

"भरला."

एकदा "उशिरा भरला" म्हटलं. चहा निवायच्या आत दारात ऑटो उभा.